बारा चाकू आणि एक कडें

चार दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरांत हिंडायचें, वाटेंतल्या डोहांत गळ टाकायचा आणि सांपडेल तो मासा तेथेंच भाजायचा, असा बेत ठरला कीं पहिली पंचाईत ओझ्याची. घरीं मासा कापावयास विळी असते. पण विळी पाठीशीं बांधून चढण कोण चढणार? चाकूच हवा, आणि तोहि हलका. अशा एका चाकूची हकीकत आल्प्स पर्वतांत घडली, ती आज सांगतों.

१८६० सालीं फ्रान्सला जोडल्या गेलेल्या सव्हॉय प्रांतांत मोरिएन नांवाचें खोरें आहे. तेथल्या एका वाडींत ओपिनेल घराण्याची भट्टी होती. कुऱ्हाडी, कोयते घडविणें हा त्यांचा धंदा. त्या घरांतला जोझेफ १८९० सालीं, वयाच्या १८व्या वर्षीं, शेतकऱ्याच्या खिशांत मावेल असा घडीचा चाकू घेऊन पुढें आला. लांकडाची एकसंध मूठ, तिच्यांत पाडलेली खांच, पोलादी पातें, एक खीळ आणि मुठीच्या गळ्याशीं धातूची पट्टी. एवढेंच! आंत स्प्रिंगहि नाहीं. १८९७ सालीं त्यानें लहानापासून मोठ्यापर्यंत १ ते १२ असे आंकडे घालून चाकूंची मालिकाच केली. पुढें १ आणि ११ हे आंकडे गळले. ८ क्रमांकाचें पातें ८.५ सेंटिमीटर, आणि सबंध चाकूचें वजन ५० ग्रॅमच्या आंत.

पण हा हलकेपणा फुकटचा नव्हता. पातें उघडें राही तें केवळ घर्षणाच्या जोरावर. मासा चिरतांना हात ओले, बुळबुळीत. टोंक हाडांत अडकलें आणि तें सोडवितांना पात्याच्या पाठीवर जोर पडला, तर पातें बोटांवर मिटण्याचें भय. उलट ओलाव्यानें लांकूड फुगलें, कीं मिटलेलें पातें खांचेंत रुतून बसे. मग मुठीचें बूड दगडावर आपटून तें सैल करावें लागे. ह्या युक्तीला तिकडे 'सव्हॉयी ठोका' म्हणतात.

पासष्ट वर्षें असेंच चाललें. १९५५ सालीं जोझेफचा मुलगा मार्सेल यानें त्या पट्टीवर एक फिरतें कडें बसविलें. पातें उघडावें, कडें जरासें फिरवावें, कीं पातें मिटत नाहीं. घडणींतला हा पांचवा भाग. वजनांत म्हणाल तर नगण्य, पण माझ्या मतें साऱ्या मालिकेहून मोलाचा. कडें नसलेला जुना चाकू कोणीं हौसेनें भेट दिला, तर त्यानें फळें चिरावींत, मासा नव्हे.

पोलादाचाहि विचार करावा. कार्बन पोलादाला धार चटकन् लागते, पण तें ओलें राहिलें तर गंजहि तितक्याच चटकन् चढतो. मासेमारीला, विशेषतः खाऱ्या पाण्यावर, न गंजणारें पोलाद घ्यावें. शिवाय कोणत्याहि घडीच्या चाकूची एक कटकट उरतेच. रक्त नि खवले खांचेंत शिरतात. ते काडीनें कोरून काढावेत, पातें पुसावें, आणि मूठ पुरती वाळल्यावरच चाकू मिटावा.