सक्तीचा राजीनामा : कायदेशीर संरक्षणाची तुलना

सक्तीचा राजीनामा म्हणजे मालकाने स्वतः काढून टाकण्याऐवजी कर्मचाऱ्याच्याच सहीने नोकरी संपवून घेणे. कागदावर हा राजीनामा, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज किंवा परस्पर संमतीचा समाप्ती करार असतो. सही झाली की बडतर्फीविरुद्धची बहुतेक संरक्षणे गळून पडतात, आणि दबाव येतो तो त्यासाठीच.

भारतात औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार कामगार कपातीसाठी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. स्वेच्छानिवृत्ती मात्र कपातीच्या व्याख्येतूनच वगळलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच चौकट आहे. व्यवस्थापक तर ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाहीत. सही करून बसलेल्याला मग भारतीय करार अधिनियम, १८७२ चा आधार उरतो. त्यातील ‘बलप्रयोगा’ची व्याख्या (कलम १५) गुन्हेगारी कृत्य, त्याची धमकी किंवा मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे एवढ्यापुरतीच आहे, ‘सही कर, नाहीतर अनुभवाचा दाखला खराब देऊ’ एवढ्याने ती सहसा पूर्ण होत नाही. ‘गैरवाजवी प्रभाव’ (कलम १६) जास्त उपयोगी, कारण वरचढ पक्षाने केलेला व्यवहार उघड अन्यायकारक दिसला, तर प्रभाव वापरला नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. पुढच्या तारखेपासून अमलात येणारा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपालचंद्र मिश्र प्रकरणात (१९७८) मान्य केले. ‘तत्काळ प्रभावाने’ हे शब्द घालण्याचा आग्रह का धरला जातो, ते यावरून कळावे.

जर्मनीत राजीनामा व समाप्ती करार लेखीच लागतो. तो मागे घेण्याचा सर्वसाधारण हक्क नाही, तरी फसवणूक किंवा बेकायदा धमकी असल्यास तो रद्द करून घेता येतो. आजारी असताना घरी सही घेतली गेल्याचे सांगणाऱ्या सफाई कर्मचारी महिलेच्या प्रकरणात तेथील संघीय श्रम न्यायालयाने २०१९ मध्ये न्याय्य वाटाघाटीचे बंधन मांडले. पण ‘आत्ताच सांगा’ असे म्हणणे तेवढ्यानेच अन्याय्य ठरत नाही, असेही त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. शिवाय सबळ कारणाशिवाय सही करणाऱ्याचा बेकारी भत्ता साधारण १२ आठवडे रोखला जातो.

काही देशांनी पुराव्याची ही कसरत टाळून थेट मुदतच दिली. नेदरलँड्समध्ये २०१५ पासून कारण न सांगता १४ दिवसांत करार मागे घेता येतो; मालकाने करारात तसे लिहिले नाही, तर २१ दिवसांत. फ्रान्समध्ये २००८ च्या कायद्यानुसार १५ दिवसांची माघार-मुदत आणि त्यानंतर सरकारी मान्यता लागते. भरपाई कायदेशीर किमान रकमेहून कमी चालत नाही. ब्रिटनमध्ये मुदतीऐवजी सल्ल्याची अट आहे : स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय कर्मचाऱ्याने वैधानिक दावे सोडून दिल्याचा करार सहसा बंधनकारक होत नाही.

अमेरिकेतील १९९० चा कायदा फक्त ४० वर्षे व त्यावरील वयाच्यांना, तोही वयावरून झालेल्या भेदभावाचे दावे सोडताना, संरक्षण देतो : विचाराला २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५, आणि सहीनंतर माघारीसाठी ७. एवढ्या अरुंद कायद्याची धार मात्र तीक्ष्ण आहे. या अटी मोडून घेतलेली सही वयाच्या दाव्याला अडवू शकत नाही, आणि त्यासाठी मिळालेले पैसे आधी परत करावे लागत नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला.