स्केटबर्ड : कामाने थकलेल्या माणसासाठी स्केटबोर्डवर चढलेला पक्षी

मारतहळ्ळी (बंगळुरू) : ‘स्केटबर्ड’ हा ‘ग्लास बॉटम गेम्स’ या अमेरिकेतील छोट्या स्वतंत्र संस्थेने तयार केलेला, स्केटबोर्डिंगवर आधारित विनोदी व्हिडिओ गेम आहे. १६ सप्टेंबर २०२१ रोजी तो संगणक, निन्टेंडो स्विच आणि एक्सबॉक्स वन यांसाठी प्रसिद्ध झाला. पुढे तो प्लेस्टेशनवरही आला. त्याचा नायक एक चिमुकला पक्षी आहे. चाकांच्या फळीवर उभा राहून तो पुठ्ठ्याच्या उतारांवरून घसरतो, स्टेपलरवरून उडी मारतो आणि वारंवार आपटतो. वरवर पाहता ही निव्वळ गंमत आहे. मात्र पक्षी मुळात फळीवर का चढला, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास हा गेम नोकरीच्या ओझ्याखाली आपला छंद हरवून बसलेल्या माणसाची गोष्ट सांगतो.

कथानक

गेममधील पक्षी एका माणसाच्या घरात राहतात. त्याला ते ‘बिग फ्रेंड’, म्हणजे आपला मोठा मित्र, म्हणतात. हा मित्र एकेकाळी स्केटबोर्डिंगमध्ये रमत असे. आता त्याची नोकरी कष्टाची आहे, हाताशी वेळ उरलेला नाही आणि खोलीत पसारा साचला आहे. आपल्या मित्राचे आयुष्य पुन्हा मार्गी लावायचे, असे पक्षी ठरवतात. त्यासाठी त्यांना ठाऊक असलेला एकमेव उपाय म्हणजे बोटांनी फिरवायच्या खेळण्यातल्या स्केटबोर्डवर चढणे! खोलीपासून सुरू झालेली ही मोहीम घराबाहेर पडते आणि एका सर्व्हर फार्मपर्यंत जाऊन पोहोचते.

मारतहळ्ळीसारख्या वस्तीला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. बंगळुरूच्या पूर्व भागात, बाह्य वळण रस्त्यावर वसलेला हा परिसर व्हाइटफील्ड आणि बेळ्ळंदूर येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या मधोमध येतो. महाराष्ट्रासह देशभरातून आलेले तरुण अभियंते येथील पेइंग गेस्ट निवासांत आणि भाड्याच्या सदनिकांत राहतात. कामाचे तास आणि त्यात भर घालणारी वाहतूक कोंडी यांतून उरलेल्या वेळात कपाटावरची बॅट वा कोपऱ्यातली गिटार सहसा हाती येत नाही. गेममधील ‘बिग फ्रेंड’ हा अशाच असंख्य नोकरदारांचा प्रतिनिधी ठरतो.

खेळण्याची पद्धत

खेळाडू आपला पक्षी निवडतो, त्याला टोपी, चष्मा यांसारखी सजावट करतो आणि दिलेल्या वेळेत नेमून दिलेली कामे पूर्ण करतो. कसरती जोडत गेल्यास गुण वाढतात. तोल गेला, की साखळी तुटते. परिसर पक्ष्याच्या आकाराला साजेसा आहे. पेय पिण्याच्या वाकड्या नळ्या येथे कठडे होतात, मासिके उतार होतात आणि पुठ्ठा व चिकटपट्टी यांतून अख्खे मैदान उभे राहते.

स्केटबोर्डिंगमधील बहुतेक कसरतींचा पाया ‘ओली’ नावाची उडी आहे. फळीचे मागचे टोक पायाने जमिनीवर आपटताच पुढचे टोक वर उसळते. त्याच क्षणी पुढचा पाय फळीवरून पुढे सरकवला, की फळी हवेत सपाट होते. फळी हाताने न धरता ती पायांबरोबर वर येते, ती यामुळेच. अमेरिकेतील ॲलन गेल्फँड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही उडी उतारावर साधली आणि रॉडनी मलन यांनी पुढे ती सपाट जमिनीवर आणली. गेममध्ये ती एका कळीवर होते; शिवाय नायक पक्षी असल्याने हवेत पंख फडफडवून आणखी थोडी उंची गाठता येते.

पूर्वपीठिका

या गेमचा आदर्श उघड आहे. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्स गेम्स’ स्पर्धेत टोनी हॉक यांनी हवेत अडीच गिरक्या घेणारी ‘९००’ ही कसरत पूर्ण केली. ३६० अंशांच्या अडीच फेऱ्या म्हणजे ९०० अंश, म्हणून हे नाव. त्याच वर्षी आलेल्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ या गेमने दोन मिनिटांच्या फेऱ्या, कसरतींची साखळी आणि लपवलेल्या वस्तूंचा शोध हा साचा रूढ केला. ‘स्केटबर्ड’ने तोच साचा घेतला, पण नायकाची ऐट काढून टाकली.

प्राण्याला नायक करून हसवणाऱ्या गेमची परंपराही या काळात बहरली. स्वीडनमधील ‘गोट सिम्युलेटर’ (२०१४) मध्ये बकरी आणि ऑस्ट्रेलियातील ‘अनटायटल्ड गूस गेम’ (२०१९) मध्ये एक खोडकर हंस गावभर गोंधळ घालतो. प्रत्यक्षातही प्राणी स्केटबोर्डवर उभे राहिले आहेत. टिलमन नावाच्या बुलडॉगने २००९ मध्ये शंभर मीटरचे अंतर १९.६७८ सेकंदांत कापले, तर पेरूमधील ओटो हा बुलडॉग २०१५ मध्ये ३० माणसांच्या पायांखालून स्केटबोर्डवर पार झाला. दोन्ही विक्रमांची नोंद तेव्हा गिनीज बुकात झाली होती.

निर्मिती आणि प्रतिसाद

‘ग्लास बॉटम गेम्स’च्या संस्थापिका मेगन फॉक्स असून त्याच नावाच्या हॉलिवूड अभिनेत्रीशी त्यांचा संबंध नाही. संस्थेने यापूर्वी ‘हॉट टिन रूफ’ हा मांजराला सोबत घेऊन तपास करणाऱ्या गुप्तहेराचा गेम केला होता. ‘स्केटबर्ड’साठी २०१९ मध्ये ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन करण्यात आले आणि उद्दिष्टापेक्षा अधिक रक्कम जमा झाली. १२ ऑगस्ट २०२१ ही आधी जाहीर केलेली तारीख सुमारे महिनाभराने पुढे ढकलण्यात आली. प्रकाशनाच्या दिवशीच तो मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास’ या मासिक शुल्काच्या सेवेतही उपलब्ध झाला.

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. कल्पना, संगीत आणि गोडवा यांचे कौतुक झाले. मात्र अडचणीच्या जागी गोंधळणारा कॅमेरा, हाताळणीतील अवघडलेपणा आणि तांत्रिक दोष यांवर टीका झाली. या टीकेत एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. स्केटबोर्डिंगच्या गेममध्ये कळ दाबणे आणि पडद्यावरील हालचाल यांतील अंतर सेकंदाच्या अंशाचे असते. ते जुळवण्यासाठी मोठ्या कंपन्या शेकडो माणसे आणि अनेक वर्षे खर्च करतात. मूठभर माणसांच्या संस्थेकडे तेवढे बळ नसते. गंमत सुचायला एक क्षण पुरतो. ती हाताला सहज वाटेल अशी घडवणे हे मात्र मोठ्या जोखमीचे काम ठरते.

भारतातील संदर्भ

गेमनिर्मितीच्या भारतीय इतिहासात बंगळुरूचे स्थान जुने आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये येथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही या क्षेत्रातील देशातील आरंभीची कंपनी स्थापन केली. २०१९ मध्ये ती ‘रॉकस्टार गेम्स’ने विकत घेतली. ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण आखणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य ठरले. परदेशी गेमसाठी चित्रे आणि पात्रे घडवण्याचे काम येथे मोठ्या प्रमाणावर होते. स्वतःची कथा घेऊन उतरणाऱ्या छोट्या संस्थांची संख्या मात्र अजून मर्यादित आहे. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ (२०२०) हे त्यातील ठळक उदाहरण होय.

प्रत्यक्ष स्केटबोर्डिंगमध्येही बंगळुरू आघाडीवर आहे. शहरातील ‘होलीस्टोक्ड’ या गटाने २०१३ मध्ये लिव्हाइस कंपनीच्या साहाय्याने सर्वांना विनामूल्य खुले असलेले स्केटपार्क उभारले. येथील अतिता वर्गीस यांनी ‘गर्ल स्केट इंडिया’द्वारे मुलींना या खेळात आणले. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला. पुढच्याच वर्षी गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने महिलांच्या स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले.

खऱ्या मैदानावर ओली जमण्यापूर्वी गुडघे अनेकदा फुटतात. ‘स्केटबर्ड’मध्ये दुखापत नाही आणि पैसाही पणाला लागत नाही, पडलेला पक्षी पिसे झटकून लगेच उभा राहतो. जिंकण्यापेक्षा मनापासून प्रयत्न करावा, एवढीच अपेक्षा गेम खेळाडूकडून ठेवतो. कामाचे मूल्यमापन आठवड्यागणिक होणाऱ्या नोकरदारासाठी चुकण्याची अशी मोकळीक ही किरकोळ बाब नाही. हस्तकौशल्याच्या निकषावर हा गेम आपल्या आदर्शाच्या मागे राहिला असला, तरी थकलेल्या माणसाला त्याचा छंद परत मिळवून द्यावा, ही त्याची मूळ कल्पना आजही त्याची खरी ओळख आहे.