डॅशबोर्डवरच्या कोऱ्या बटणांचा इतिहास

(या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे वाचा.)

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण नव्या नाही, जुन्या. गेल्या वर्षी मी २०१२ सालची एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. सगळ्यात खालचं व्हेरिएंट. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला चार बटणांची जागा, त्यातली तीन कोरी. दाबायला गेलं तर नुसतं प्लॅस्टिक. बटणच द्यायचं नव्हतं, तर जागा कशाला ठेवली? याचं उत्तर शोधायला थेट १९०८ पर्यंत मागे जावं लागतं.

१९०८ मध्ये अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या. स्वस्त आणि दणकट, पण अगदीच साधी. पेट्रोलचा काटा नाही, टाकीत पट्टी बुडवून अंदाज घ्यायचा. पाण्याचा पंप नाही. सुरू करायला पुढून हँडल मारायचं, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. कॅडिलॅकने १९१२ मध्येच इलेक्ट्रिक स्टार्टर दिला होता, मॉडेल टीला तो १९१९ पर्यंत मिळाला नाही. मग लोकांनी काय केलं? बाहेरून आणून बसवला! स्टार्टर, पंप, काटे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर असं सगळं बनवणाऱ्यांचा वेगळा धंदाच उभा राहिला. म्हणजे रेट्रोफिटिंग हे यूट्यूबवाल्यांचं खूळ नाही, शंभर वर्षांहून जुनं आहे.

दुसरा टप्पा जनरल मोटर्सचा. तिथले प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांचा विचार फोर्डच्या उलट होता: प्रत्येकाच्या खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी हवी. खाली शेव्हरोले, वर कॅडिलॅक, मध्ये पायऱ्या. ग्राहकाने आयुष्यभर एकेक पायरी चढत राहायची. पुढे हीच शिडी एकाच मॉडेलच्या आत शिरली. आज आपण जिला बेस, मिड आणि टॉप म्हणतो, ती हीच.

आता कोऱ्या बटणाचं कोडं सुटतं. डॅशबोर्डचा साचा बनवणं फार महाग. तीन व्हेरिएंटसाठी तीन साचे करण्यापेक्षा एकच करायचा आणि खालच्या गाडीत भोक बुजवायचं. बऱ्याचदा वायरिंगचंही तसंच. बंपरमागे फॉग लॅम्पचा कनेक्टर टेप गुंडाळून पडलेला असतो, फक्त दिवा नसतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीचर फ्लॅग म्हणतो: कोड सगळ्यांना तोच, काहींसाठी बंद. पण सगळ्याच गाड्यांत असं नसतं. काही कंपन्या व्हेरिएंटनुसार तारा कमी करतात. म्हणून सामान घेण्याआधी पॅनेल उघडून बघायचं.

आपल्याकडे या शिडीला उशीर झाला. परमिट राजमध्ये निवडायला होतंच काय? कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली, १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा आणि मिळेल ती घ्यायची. बाकी सगळं बाहेरून: कॅसेट प्लेअर, हॉर्न, सीट कव्हर. डावीकडचा आरसासुद्धा अनेक गाड्यांना वेगळा घ्यावा लागायचा! त्याच पद्मिनीच्या टॅक्स्यांना पुढे मुंबईत सीएनजीची किट बसली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इतकी वर्षं ती चालली त्यात कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजाराचा आणि तिथल्या मिस्त्रींचा वाटा मोठा.

तिसरा टप्पा माझ्या धंद्याचा. बॉशने १९८६ मध्ये कॅन बस जगासमोर आणली. आधी प्रत्येक बटणापासून दिव्यापर्यंत स्वतंत्र तार जायची. आता दोनच तारांवरून सगळे कंट्रोलर एकमेकांना मेसेज पाठवतात. तारा वाचल्या, पण जुगाड अवघड झालं. बटण बसवलं तरी गाडीच्या कंट्रोलरला ‘हे आता आहे’ असं स्कॅनरने सांगावं लागतं, नाहीतर तो ओळखच दाखवत नाही.

माझ्या गाडीत दिव्यांचं वायरिंग जुन्या पद्धतीचं आहे, म्हणून काम सोपं होतं. बजेट २५,००० रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त टायर आणि ब्रेकवर घातले. उरलेल्यात कंपनीचे फॉग लॅम्प आणि मागच्या पॉवर विंडो, पुण्यात नाना पेठेत फिरून, बिल घेऊन. बिल मागाच, चोरीच्या गाडीचा पार्ट आपल्या दारात नको. आणि थोडं गणित: ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. एवढा करंट थेट बटणातून नेला तर बटण वितळेल. म्हणून रिले आणि फ्यूज हवाच. तार कापून टेप मारणाऱ्याला गाडी देऊ नका, गाड्या पेटतात त्या अशाने.

कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. वरच्या व्हेरिएंटमधलाच पार्ट निवडण्याचं हेही एक कारण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांच्या धडक चाचण्या जाहीर केल्या. फोक्सवॅगन पोलोला एअरबॅगशिवाय शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. मॉडेल तेच, शिडीवरची पायरी वेगळी. कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो नंतर विकणं बंद केलं. चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची व्हायला मात्र जुलै २०१९ उजाडलं.

आणि एअरबॅग नाना पेठेत मिळत नाही. म्हणजे वस्तू मिळेल, पण बसवू नका. ती कधी उघडायची हे सेन्सर आणि कंट्रोलर काही मिलिसेकंदांत ठरवतात आणि ते त्या गाडीच्या सांगाड्यावर, सीटबेल्टवर, डॅशबोर्डवर चाचण्या करून जुळवलेलं असतं. बाहेरून जोडलेली एअरबॅग भलत्या वेळी उघडली तर तीच जीव घेईल. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, येणारही नाही. म्हणून मागे बसणाऱ्यालाही बेल्ट लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, एक्सप्रेसवेवर वेग आवरता ठेवतो आणि पुढची गाडी घेईन ती एअरबॅगवालीच.

तुम्ही पहिली सेकंडहँड गाडी बघत असाल तर एवढं करा: टचस्क्रीन, कॅमेरा, फॉग लॅम्प नसेल तर नसू दे, ते पगार झाला की एकेक बसवता येतं. पण एअरबॅग आणि एबीएस कारखान्यातूनच आलेले हवेत. त्यासाठी दोन वर्षं जुनं मॉडेल घ्यावं लागलं तरी चालेल.

तुमच्या गाडीत किती कोरी बटणं आहेत ते मोजून मला कळवा. पुढच्या भागात हॉर्नचा इतिहास. तोपर्यंत, बेल्ट लावा!