वाहणारा वेगळा, विकणारा वेगळा

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजरचा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करून देण्याचा धंदा होता. टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको. स्ट्रोजरला आलेले फोन ती परस्पर नवऱ्याकडे जोडून द्यायची, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला तिखटमीठ लागलं असेलही, पण ऑपरेटरशिवाय जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट स्ट्रोजरला १८९१ साली मिळालं, हे नक्की. तारा ज्याच्या त्याने त्यांवरून जाणाऱ्या मजकुरात भेदभाव करू नये, हे तत्त्व म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी. तिचं भांडण इंटरनेटपेक्षा जुनं आहे ते असं.

कायद्याला हा धोका त्याआधीच दिसला होता. अमेरिकेच्या १८६० च्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्यानुसार तारा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, भेदभाव न करता पाठवायच्या होत्या. अग्रक्रम फक्त सरकारी तारांना.

पुढे टेलिफोनच्या तारांवरून संगणकाची माहिती धावू लागली आणि पेच पडला. तारा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या. तिनेच त्यांवरच्या सेवाही विकायला काढल्या, तर बाकीच्यांनी कुठे जायचं? एफसीसी या नियामकाने १९८० साली रेघ ओढली: नुसतं वहन ही ‘मूलभूत’ सेवा, वाहिलेल्या माहितीवर प्रक्रिया करून मिळणारी ती ‘वर्धित’. दुसरीचा धंदा एटी अँड टीने वेगळ्या उपकंपनीतूनच करायचा. मूलभूत सेवा सर्वांना खुली राहिल्यामुळेच नव्वदच्या दशकात डायल-अप इंटरनेट देणाऱ्या छोट्या कंपन्या मोठ्यांच्या तारांवर उभ्या राहू शकल्या.

ब्रॉडबँडमध्ये ही रेघ पुसट झाली. टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ च्या लेखात या जुन्या तत्त्वाला आजचं नाव दिलं. दोनच वर्षांनी मॅडिसन रिव्हर या टेलिफोन कंपनीने आपल्या इंटरनेट ग्राहकांचे व्होनेज या इंटरनेट-फोन सेवेवरून होणारे कॉल अडवले. प्रकरण १५,००० डॉलर भरून मिटलं.

भारतात ठिणगी पडली डिसेंबर २०१४ मध्ये. एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि ओरड होताच मागे घेतला. पुढच्या वर्षी नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांवर ई-मेल गेले. निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ही वादात सापडली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचा दर ठरवण्यावर बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख.

अमेरिकेत मात्र जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने एफसीसीचे नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द केले. ब्रॉडबँड ही ‘माहिती सेवा’, जुन्या भाषेत ‘वर्धित’, आहे, असा निकाल लागला. म्हणजे १९८० मध्ये ज्याला वहन म्हटलं असतं, तेही आता रेघेपलीकडे गेलं.