घंटा आणि प्रश्न

निघोजे हे खेड तालुक्यातील इंद्रायणीकाठचे गाव. देहू आणि आळंदी ही दोन्ही तीर्थक्षेत्रे येथून फार दूर नाहीत. एके काळी पेरणी आणि सुगी हेच येथील घड्याळ होते. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली, २००९ साली या परिसरात मोटारींचा मोठा कारखाना सुरू झाला आणि गावाचे दिवस पाळ्यांवर मोजले जाऊ लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी! अहिल्यानगर आणि जालना जिल्ह्यांतून, गोव्यातून, केरळातून, झारखंडमधून आलेली ख्रिस्ती कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांची मुले आसपासच्या शाळांत जातात.

अशाच एका शाळेत कॅथलिक मुलांसाठी असलेला धर्मशिक्षणाचा तास आम्ही घेत होतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी चालली होती. नऊ वर्षांचा एक मुलगा दहा आज्ञा म्हणून दाखवत होता. प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याच्या आज्ञेपाशी तो थांबला आणि म्हणाला, "फादर, पप्पांची रविवारी पाळी असते. ते मिस्साला येऊ शकत नाहीत. मग ते पाप करतात का?" तास संपायला पाच मिनिटे उरली होती. आम्ही म्हणालो, "आधी पुढची आज्ञा म्हण." त्याने ती म्हटली, एकही शब्द चुकला नाही. घंटा झाली, मुले गेली आणि तो प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. धर्मशिक्षणाचा तास म्हणजे नेमके काय, हे स्वतःलाच विचारण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही इतिहासाकडे वळलो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील धर्मशिक्षणाची आठवण निघाली की संत फ्रान्सिस झेवियर यांची घंटा आठवते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना आणि नोकरचाकरांना गोळा करत, प्रार्थना आणि आज्ञा चालीवर म्हणवून घेत. पुढे तामिळ किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत त्यांनी स्थानिक लोकांच्या साहाय्याने प्रार्थना तामिळ भाषेत उतरवून घेतल्या आणि मुलांना बजावले की, येथे जे शिकलात ते घरी आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवा. पाठांतराला नावे ठेवणे आज सोपे झाले आहे. परंतु आमच्या शेजारच्या वारकरी घरांतील लेकरे हरिपाठ मुखोद्गत म्हणतात, तेव्हा ओठांवरचा शब्द आयुष्यभराची शिदोरी होतो हे आपल्यालाही पटते. घंटा हवीच. प्रश्न एवढाच की, घंटेनंतर काय?

याचे उत्तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी दिले. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले, मराठी व कोकणी शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्यांनी रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ज्ञानदेवांनी ज्या ओवीत गीतेचा अर्थ सांगितला, त्याच छंदात त्यांनी तारणाची कथा सांगितली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग धर्मशिक्षणाच्या वर्गातला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. रविवारी चर्चमध्ये 'दौत्रिन' शिकविली जात असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवतो की, जुनी पुराणे आमच्या हातून सुटली; त्यांच्या जागी नवे पुराण का असू नये? त्यावर पाद्रींनी 'आधी दौत्रिन म्हण' असे म्हटले नाही. पुढे संपूर्ण ग्रंथभर श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री कथा थांबवून त्यांचे निरसन करतात. शिष्याचा प्रश्न हा तेथे अडथळा नाही. तो धड्याचाच भाग आहे.

या इतिहासाची काळी बाजूही आपण झाकू नये. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाज्ञेने गोव्यातील हिंदू अनाथ बालके ख्रिस्ती शिक्षणासाठी ताब्यात घेण्याची तरतूद झाली. पुढील वर्षी धर्मन्यायासन आले. १६८४ साली व्हाइसरॉय आल्व्होर यांनी लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज वापरावी, असा हुकूम काढला. ज्या भाषेत मनुष्य प्रश्न विचारतो तीच काढून घेतली, तर श्रद्धेच्या नावाने उरते ती केवळ आज्ञाधारकता.

नगर जिल्ह्यातील मिशनची वाट मात्र लोकांच्या भाषेतून गेली. तेथे गावशाळेचा मास्तरच धर्मशिक्षक असे. सकाळी पाटीवर बाराखडी, सायंकाळी वस्तीत प्रार्थना. तो मुलाच्या घरी काय शिजते आणि काय शिजत नाही, हे जाणून होता. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेला 'निरोप्या' हेच काम छापील शब्दाने करीत आला. १९०५ साली दहावे पायस यांनी प्रत्येक धर्मग्रामात मुलांना रविवारी तासभर धर्मशिक्षण द्यावे व त्यासाठी प्रापंचिकांचे साहाय्य घ्यावे, असा आदेश दिला. आमच्या खेड्यांतील मास्तर हे साहाय्य आधीपासूनच देत होते.

स्वतंत्र भारताने या शिक्षणाला न्याय्य चौकट दिली. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाचे अठ्ठाविसावे कलम सांगते की, पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नसावे, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून त्याला त्यात बसवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत सक्ती त्याज्य ठरविली. १५५९ ची राजाज्ञा डोळ्यांपुढे ठेवली, म्हणजे या दोन्ही वचनांचे मोल कळते.

चौकट मिळाली, आत काय भरावे हे आपल्या हाती आहे. आम्ही एका शाळेचे व्यवस्थापन पाहत होतो, त्या वर्षांची कबुली येथे देतो. वेळापत्रक करताना गणित, इंग्रजी, विज्ञान यांचे तास आधी बसत आणि धर्मशिक्षण ज्याचा तास रिकामा त्याच्या वाट्याला येई. सहामाही जवळ आली की तोही तास उजळणीसाठी जाई. गणिताच्या शिक्षकाला प्रशिक्षण हवे हे आम्हांला कळत होते. देवाविषयी बोलणाऱ्याला ते हवे, हे मात्र सुचले नाही. धर्मशिक्षण चांगले चालायचे असेल, तर मुख्याध्यापकाने त्या तासाचे रक्षण केले पाहिजे, त्यासाठी तयार झालेला शिक्षक नेमला पाहिजे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर "मी विचारून सांगतो" असे म्हणण्याचे धैर्य त्या शिक्षकाला दिले पाहिजे. इतर धर्मांच्या मुलांसाठी असलेला नीतिशिक्षणाचा तासही तितक्याच निष्ठेने व्हावा. तीही देवाचीच लेकरे आहेत.

त्या मुलाच्या घरी आम्ही एका सायंकाळी गेलो. वडील नुकतेच पाळीवरून आले होते. मुलाला जवळ बसवून आम्ही सांगितले, "बाळा, तुझे पप्पा पाप करीत नाहीत. घर चालविण्यासाठी ज्याला त्या दिवशी कामावर जावेच लागते, त्याला ख्रिस्तसभा दोष देत नाही. आणि शनिवारी सायंकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते." १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ही सवलत वडिलांना कोणी सांगितलीच नव्हती. ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "फादर, मी तर वर्षभर घाबरून होतो."

वाचकहो, शाळेतला प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाने विचारला होता; भीती मात्र घरातल्या कर्त्या माणसाची होती. आपले मूल रविवारी घरी आले की आज्ञा पाठ झाल्या का, एवढेच विचारू नका; आज तू काय विचारलेस, हेही विचारा. पुढच्या शनिवारी सायंकाळच्या मिस्साला बापलेक शेजारी शेजारी बसलेले आम्ही वेदीवरून पाहिले.