गावकीचा तंटा आणि सरकारचा कायदा

पोलादपूर सोडलं की महामार्ग कशेडी घाटाला लागतो. पलीकडे खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आता घाटाखालून बोगदे झालेत, चाकरमानी शिमग्याला लवकर पोहोचतो. पण देवाची पालखी त्याच्या दारात येणार की नाही, हे कोण ठरवतं? गावकी!

गावकी वाईटच असते का? तसं नाही. पाखाडी बांधते, देवळाचा खर्च उचलते, अडल्यानडल्याला धावते. पण कुणी वर्गणी नाकारली, वाद पंचांऐवजी कोर्टात नेला, की तीच गावकी त्याचं घर वाळीत टाकते. मग दुकानदार माल देत नाही, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही.

हे हत्यार जुनं आहे. घाटाच्या अलीकडे महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथं चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. 1930 च्या अहवालात समितीनं सामाजिक बहिष्काराकडे बोट दाखवलं: हक्क मागितला की जमीन काढून घ्यायची, काम बंद, वाट बंद, वाण्याचं दुकान बंद.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये मुंबई राज्यानं बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. धार्मिक संप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, हा मुद्दा तिथं वरचढ ठरला. झालं, वाळीत टाकलेल्याच्या हातातला खास कायदा गेला.

आता गंमत बघा. 15 ऑगस्ट 2007 ला गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेनं समिती नेमायची, भांडणं गावातच सामोपचारानं मिटवायची, तंटामुक्त गावाला बक्षीस. कोर्टकचेरीत जमिनी गेलेल्या माणसाला हे पटणारंच होतं. म्हणजे सरकारनं गावाच्या एकीवर भरवसा टाकला.

आणि त्याच दशकभरात रायगडातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी येत राहिल्या. 2016 मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 मध्ये तो अमलात आला. बहिष्कार टाकणं हा गुन्हा. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एका हातानं सरकार गावाला म्हणतं, तुमचं तुम्ही मिटवा. दुसऱ्या हातानं म्हणतं, खबरदार! यात विसंगती नाही. प्रश्न एकच: पंचांचं म्हणणं मान्य नसणाऱ्याला 'नाही' म्हणून गावात ताठ मानेनं राहता येतं का? येत असेल तर तो समेट. येत नसेल, तर तंटा मिटलेला नसतो, एक माणूस गप्प बसवलेला असतो.