शब्दवेध : यँकी

'यँकी' या शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक 'यान' या डच नावाच्या 'यांके' या लघुरूपात मानतात. १७५८ मध्ये ब्रिटिश सेनानी जेम्स वुल्फ याने न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील वसाहतींच्या, सैनिकांना तुच्छतेने यँकी म्हटले. परंतु अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील १७७५ च्या लेक्झिंग्टनच्या चकमकीनंतर वसाहतवाल्यांनी 'यँकी डूडल' हे टवाळीचे गाणेच आपलेसे केले आणि शिवीचे बिरुद झाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) मात्र दक्षिणेकडील लोकांनी हा शब्द उत्तरेच्या शत्रूवर उलटवला. आपले राष्ट्र जगावेगळे व एकसंध असल्याच्या अमेरिकी अभिमानामागील ही प्रादेशिक फूट शब्दात अजून टिकून आहे : परदेशात सरसकट अमेरिकन माणूस, लॅटिन अमेरिकेतील निषेधाच्या घोषणांत अमेरिकी सत्ता, तर अमेरिकेच्या दक्षिणेत केवळ उत्तरेकडचा माणूस यँकी ठरतो.